चालत्या ट्रकचा पंप का बदलायचा?

नोव्हेंबर २०२१मध्ये स्टेलँटिस कंपनीने अमेरिकेत 'रॅम' नावाचे २ लाख २२ हजार ४१० जड पिकअप ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलावले. सगळे २०१९ आणि २०२० या मॉडेल-वर्षांचे, आणि सगळ्यांत कमिन्सचं ६.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. दोष होता इंजिनाला चढ्या दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपात. हा पंप वेळेआधी निकामी होऊ शकतो आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं, असं कंपनीने कबूल केलं. डीलरकडे गाडी आणा, पंप फुकट बदलून देतो, असंही सांगितलं.

फुकटचा नवा पंप कोण नाकारेल? तरीही बरेच मालक बिचकले. माझा ट्रक उत्तम चालतोय, त्याला हात कशाला लावायचा? नवा पंप त्याच जातीचा निघाला तर? जुन्या पंपातून निघालेला धातू आधीच इंजेक्टरपर्यंत पोचला असला तर नुसता पंप बदलून काय साधणार? पंपाबरोबर सॉफ्टवेअरही बदलणार म्हणे, त्याने गाडीचा पिकअप पडला तर? या शंकांना कोणी संशयीपणा म्हणेल. पण एकेक शंका उलगडत गेलं की दिसतं, यातल्या बहुतेक प्रश्नांमागे चांगलं यंत्रज्ञान आहे, आणि उरलेल्यांमागे कडू अनुभव.

हे ट्रक म्हणजे आपल्याकडचा दहा टायरी नव्हे. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, आणि त्याच्याही मागे जोडलेला ट्रेलर. ट्रेलरमध्ये टेक्सासच्या पशुपालकाची गुरं असतात, कोणाचे घोडे असतात, निवृत्त जोडप्याचं फिरतं घर असतं, किंवा भाड्याने माल वाहून पोट भरणाऱ्या एकट्या ड्रायव्हरची यंत्रसामग्री असते. अशा गाडीचं इंजिन घाटात, मागे पाच-सहा टन ओझं असताना बंद पडलं, तर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदतही ओसरते. कडेला घेऊन पुन्हा चावी फिरवली तरी इंजिन लागत नाही, कारण डिझेलला दाबच उरलेला नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने त्याआधीच्या महिन्यात, ऑक्टोबर २०२१मध्ये, याच तक्रारींवरून सुमारे ६ लाख रॅम ट्रकांची चौकशी उघडली होती. कंपनीची घोषणा आली ती त्यानंतर.

आता पंपाकडे वळू. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात पंप डिझेलचा दाब २००० बारच्या आसपास नेतो. समुद्राच्या सर्वांत खोल गर्तेत, मारियाना खंदकाच्या तळाशी, पाण्याचा दाब सुमारे ११०० बार असतो. हा त्याच्या जवळपास दुप्पट. आणि एवढा दाब निर्माण करणाऱ्या या पंपाच्या हलत्या भागांना इंजिन ऑइलचा थेंबही मिळत नाही. ज्या डिझेलवर तो दाब देतो, तेच त्याचं वंगण. डिझेल पातळ झालं, त्यात पाणी किंवा हवा आली, की पंप कोरडा घासतो. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. रॉकेलची भेसळ केलेलं डिझेल पंप-नोझल खातं, हे ज्ञान इथल्या प्रत्येक फिटरकडे आहे.

बॉश कंपनीचा सीपी३ हा जुना पंप. त्यात तीन प्लंजर, म्हणजे दट्टे, मध्यवर्ती दांड्याभोवती चक्राकार बसवलेले असतात. दांड्याचा विकेंद्री भाग फिरतो, आणि त्याच्यावर बसलेल्या कडीचे सपाट पृष्ठभाग प्लंजरना आळीपाळीने ढकलतात. सपाट पृष्ठभागावर सपाट पृष्ठभाग. ओझं पसरतं आणि झीज सावकाश होते. त्यानंतर आलेल्या, आणि परत बोलावलेल्या या रॅम ट्रकांत बसवलेल्या, सीपी४चा घाट वेगळा. मोठ्या इंजिनांसाठीच्या सीपी४.२मध्ये दोनच प्लंजर असतात, पण ज्या कॅमशाफ्टवर ते चालतात तिला दोन उंचवटे, म्हणजे एका फेऱ्यात चार वेळा दाब. कॅम आणि प्लंजर यांच्यामध्ये एक टॅपेट, आणि टॅपेटच्या तळाला एक छोटा रोलर, जो कॅमवरून गडगडत जातो. भाग कमी, दाब जास्त. कागदावर पाहिलं तर मांडणी सुबक आहे.

दुखणं त्या रोलरच्या दिशेत आहे. टॅपेट गोल, तो ज्या भोकात वरखाली होतो तेही गोल. त्याला आपल्या अक्षाभोवती वळू न देणारा पक्का अडसर या रचनेत नव्हता. रोलर कॅमशी समांतर आहे तोवर सगळं ठीक. वंगण क्षणभर कमी पडलं, रोलर फिरायचा थांबून घसरला आणि टॅपेट थोडा वळला, की हातगाडीचं चाक आडवं करून ती ओढत न्यावी तसा रोलर कॅमवरून घासत जातो. पोलादावर पोलाद खरवडलं जातं. निघालेला कीस पंपाच्या पोटातच राहत नाही, कारण त्या पोटातलं डिझेलच पुढे दाबाखाली जाणारं असतं. तो रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामाईक नळीत जातो, इंजेक्टरमध्ये जातो, आणि परतीच्या नळीने टाकीतही जातो. ट्रकमध्ये दोन-दोन डिझेल फिल्टर असतात खरे, पण ते पंपाच्या आधी. पंपाने स्वतः तयार केलेला कचरा त्यांना कधी भेटतच नाही.

म्हणून या बिघाडाचं बिल पंपापुरतं राहत नाही. इंजेक्टर, रेल, नळ्या बदलायच्या, टाकी धुवायची; वॉरंटी नसेल तर आठ-दहा हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त. शिवाय पूर्वसूचना जवळजवळ मिळतच नाही. सकाळी सुरळीत चाललेला ट्रक दुपारी बंद पडतो. 'माझा ट्रक चांगला चालतोय' ही पहिली शंका इथेच निकालात निघते. चांगलं चालणं हा या पंपाच्या प्रकृतीचा पुरावा होऊच शकत नाही.

सीपी४ची ही ख्याती रॅमच्या आधीची आहे. त्याच कुळातल्या एका प्लंजरच्या पंपामुळे फोक्सवॅगनच्या डिझेल जेटा बंद पडतात, अशा तक्रारींवरून त्याच सुरक्षा प्रशासनाने २०१०मध्येच चौकशी सुरू केली होती. जनरल मोटर्सने २०११ ते २०१६च्या ड्युरामॅक्स इंजिनांत सीपी४.२ वापरला. त्या ट्रकांत टाकीपासून डिझेल ढकलणारा वेगळा विजेचा पंपही नव्हता. सीपी४ला ते ओढून घ्यावं लागायचं, आणि ओढताना हवा शिरण्याची भीती. २०१७च्या नव्या ड्युरामॅक्समध्ये कंपनीने बॉश सोडून डेन्सोचा पंप घेतला. फोर्डने २०११पासून आपल्या ६.७ लिटर डिझेलसाठी सीपी४.२च धरून ठेवला.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना कमिन्स इंजिनात २०१९मध्ये सीपी४ का आला, हा प्रश्न मालक आजही विचारतात, आणि मला तो रास्त वाटतो. त्या वर्षी रॅमच्या जास्त ताकदीच्या कमिन्सने १००० पाउंड-फूट टॉर्कचा आकडा गाठला. पिकअपच्या जाहिरातयुद्धात हा मोठा आकडा होता. चढ्या दाबाचा नवा पंप त्या इंजिनाबरोबरच आला.

कमिन्स डिझेल घेणाऱ्या माणसाला पंपांचा इतिहास तोंडपाठ असतो, त्यामुळेही संशय खोल आहे. १९८९च्या मॉडेलपासून या ट्रकांत कमिन्स येऊ लागलं. १९९४ ते १९९८पर्यंतच्या इंजिनांवर पी७१०० नावाचा निव्वळ यांत्रिक पंप होता. त्याला इंजिनाचं ऑइल मिळायचं, आणि तो मरत नाही अशी त्याची कीर्ती आजही आहे. १९९८च्या मध्यापासून २००२पर्यंत इलेक्ट्रॉनिक व्हीपी४४ होता. त्याला वंगण आणि गारवा दोन्ही डिझेलचा. त्याच्या आधी बसवलेला छोटा लिफ्ट पंप अशक्त निघाला, आणि लिफ्ट पंप गेला की पाठोपाठ महागडा व्हीपी४४ जायचा. मग २००३च्या कॉमन रेल इंजिनाबरोबर सीपी३ आला आणि दीड दशक निभावून गेला. त्याच्या जागी सीपी४ आणल्याची बातमी आली तेव्हा जुन्या मालकांना व्हीपी४४ आठवला असणार.

मराठी वाचकाला यातली दोन्ही नावं घरची वाटतील. १९६२मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत कमिन्स पुण्यात आली, आणि कोथरूडला तिची इंजिनं बनू लागली. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. रॅमची इंजिनं मात्र अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोलंबसला तयार होतात, कमिन्सचं मुख्यालयही तिथलंच, आणि पुण्याहून तिथे नोकरीला गेलेली माणसंही बरीच आहेत.

पंपांच्या या झिजेत डिझेलचाही वाटा आहे. अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक २००६पासून दशलक्षात १५ भागांवर आणलं गेलं. त्याआधीची मर्यादा ५०० भागांची होती. गंधक गेलं म्हणून वंगण गेलं, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. गंधक स्वतः काही फार वंगण देत नाही. पण ते काढण्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची जी प्रक्रिया होते, तिच्यात धातूला चिकटून पातळ थर धरणारी ऑक्सिजनयुक्त आणि नायट्रोजनयुक्त संयुगंही निघून जातात. स्वीडनने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ गंधकमुक्त डिझेल आणलं, तेव्हा तिथले पंप झिजू लागले आणि हा धडा जगाला मिळाला. तेव्हापासून असं डिझेल बाजारात जाण्याआधी त्यात वंगण देणारं रसायन मिसळतात.

किती वंगण पुरे, हे ठरवण्याची चाचणी अगदी साधी आहे. ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये एका चकतीवर ७५ मिनिटं पुढेमागे घासायची आणि गोळीवर पडलेल्या चट्ट्याचा व्यास मोजायचा. अमेरिकी मानकाला ५२० मायक्रॉनपर्यंतचा चट्टा चालतो. युरोपात मर्यादा ४६० मायक्रॉन, भारताच्या बीएस-६ डिझेलचीही तीच, आणि पंप बनवणाऱ्यांचा आग्रहही ४६०चाच. फरक साठ मायक्रॉन, एका केसाएवढा. पण गोळीवरून झिजलेल्या धातूचं आकारमान चट्ट्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. गणित करून पाहिलं तर ५२०च्या चट्ट्यात ४६०च्या मानाने ६० टक्क्यांहून जास्त धातू गेलेला असतो. युरोपी डिझेल डोळ्यांसमोर ठेवून आखलेला पंप अमेरिकी डिझेलवर चालवला, हा सीपी४वरून कोर्टात गेलेल्या मालकांच्या वकिलांचा मुख्य मुद्दा होता.

इथे कडू अनुभवांची गोष्ट येते. पंप फुटला की डीलर डिझेलचा नमुना घ्यायचा, त्यात पाणी किंवा पेट्रोलचा अंश शोधायचा, आणि 'डिझेल खराब होतं, वॉरंटीत बसत नाही' असं सांगायचा. अनेक मालकांनी हे ऐकलं. त्याच डीलरांकडून 'आता फुकट बदलून देतो' असा निरोप आला, तर माणूस आधी अटी वाचणारच.

अटींमध्ये सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणता पंप बसवणार ही, आणि तिचं उत्तर समाधानकारक निघालं. रॅमच्या मालकांना सीपी४च्या जागी सीपी३ मिळाला. कमिन्सने २०२१च्या मॉडेलपासून कारखान्यातच जुन्या पंपाकडे परत जायचं ठरवलं होतं. मग पुढची शंका, जुना पंप म्हणजे ताकद कमी का? त्याचं उत्तर २०२१च्या मॉडेलनेच दिलं. सीपी३वर चालणाऱ्या त्या वर्षीच्या जास्त ताकदीच्या इंजिनाचा टॉर्क १०७५ पाउंड-फूट झाला, म्हणजे सीपी४च्या इंजिनापेक्षा ७५ जास्त. १००० पाउंड-फुटांसाठी नवा पंप खरोखर लागत होता का, हा प्रश्न त्याने आणखीच टोकदार केला.

सॉफ्टवेअरची शंका जरा नाजूक आहे. दोन पंपांची एका फेऱ्यातली डिझेलची मात्रा वेगळी, आत येणारं डिझेल मोजणाऱ्या व्हॉल्व्हचं वागणं वेगळं, त्यामुळे इंजिनाच्या संगणकाला नवा हिशेब शिकवणं भागच होतं. पण काही मालकांनी बाहेरून सॉफ्टवेअर टाकून घेतलेलं असतं. काहींनी धूर स्वच्छ करणारी यंत्रणाच काढून टाकलेली असते, जे अमेरिकेत बेकायदा आहे. त्यांना डीलरच्या संगणकाची तार जोडून घेणं नकोच वाटतं. त्यांच्याविषयी मला फारशी सहानुभूती नाही. पण प्रामाणिक मालकाचा संशयही पुढे फारसा निवळला नाही. डिसेंबर २०२३मध्ये रॅमच्याच कमिन्स इंजिनांत प्रदूषण चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून कमिन्सने १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. २०१३ ते २०१९च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम ट्रकांचा त्यात उल्लेख होता. इतकं झाल्यावर, संगणकात आणखी काय भरताय, असं मालकाने विचारलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

खरी अडचणीची शंका आधीच पसरलेल्या किसाची. पंप अजून फुटलेला नाही, पण झिजायला लागला असेल तर? पंप बदलताना इंधनव्यवस्थेचे बाकीचे भाग तपासून गरजेप्रमाणे बदलायचे, अशी तजवीज कंपनीच्या दुरुस्तीत होती. मालकाला जाच वाटतो तो 'गरजेप्रमाणे' या शब्दाचा, कारण गरज ठरवणार डीलर. सुदैवाने एक तपासणी सोपी आहे. पंपाच्या तोंडाशी डिझेल मोजणारा जो व्हॉल्व्ह असतो तो काढून त्याची बारीक जाळी उजेडात धरली की चमकदार कण असतील तर दिसतात. कण दिसले तर इंजेक्टरांसकट सगळं बदलायचा आग्रह धरावा. जाळी स्वच्छ असेल तर पंप तेवढा बदलून निर्धास्त व्हावं. जाळीचा फोटो आणि काय तपासलं याची लेखी नोंद मागून घेणारा मालक पुढे वाद झाला तर भक्कम उभा राहतो. मी त्या मालकांच्या जागी असतो तर पंप बदलून घेतला असता, पण या नोंदीशिवाय गाडी ताब्यात घेतली नसती.

वाट पाहण्याचा काळ मात्र वाईट गेला. घोषणा झाली, पण लागतील तितके पंप तयार नव्हते, आणि कित्येक मालक महिनोन् महिने सीपी४वरच ओझी ओढत राहिले. या काळात वंगण वाढवणाऱ्या बाटल्यांचा धंदा जोरात चालला. त्यातल्या काही उपयोगी असतात. दोन टक्के बायोडिझेलनेही वंगण चांगलं सुधारतं. टू-स्ट्रोक ऑइल ओतायचा जुना तोडगा मात्र, जो आपल्याकडेही काही जण करतात, आजच्या गाडीला मारक आहे, कारण त्याची राख धुराच्या फिल्टरमध्ये साठते. आणि झिजायला लागलेला पंप बाटलीने बरा होत नाही.

ज्यांनी घोषणेआधीच खिशातून पैसे घालून पंप बदलला होता, त्यांना अमेरिकी कायद्याने भरपाई मागायचा हक्क आहे. सुरक्षेसाठीची अशी दुरुस्ती पंधरा वर्षांपर्यंतच्या गाडीला फुकट मिळते, मालक पहिला असो की तिसरा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ११० अ हे कलम आल्यावर सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देता येऊ लागला. तोवर सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं.

जनरल मोटर्सच्या ट्रकमालकांच्या वाट्याला अशी दुरुस्ती आली नाही. सात राज्यांतल्या मालकांनी लढलेल्या दाव्यात कंपनीने २०२४मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड केली. फोर्डवाल्यांपैकी काहींनी स्वतःच पैसे घालून एक बायपास किट बसवून घेतलं आहे. पंपाच्या पोटातलं डिझेल पुढच्या दाबाकडे न जाऊ देता ते थेट परतीच्या वाटेला लावतं. पंप त्यानेही वाचत नाही, पण तो फुटल्यावर इंजेक्टर वाचण्याची आशा असते, आणि आठ-दहा हजार डॉलरचं बिल बरंच खाली येतं.